जिभाऊ, आप्पा आणि अंदमान

खान्देशी माणसाला अंदमानात पहिला धक्का समुद्राचा बसत नाही, घड्याळाचा बसतो. जळगाव ७५ रेखांशाच्या जरा पुढे, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर, आणि घड्याळ दोघांना एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे सव्वापाचच्या आत सूर्य मावळून मोकळा होतो. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा म्हणून आमचे धुळ्याचे जिभाऊ दुपारची झोप आटोपून, तोंड धुऊन, भांग पाडून पाच वाजून वीस मिनिटांनी अवतरले. सगळी गर्दी उलटी परत येत होती.

"सूर्य बुडी गया? आते ते च्या बी नही पिधा!"

त्यांच्या मते हा सहलवाल्याचा निष्काळजीपणा होता. पैसे परत मागावेत की कसं, यावर परतीच्या गाडीत चर्चा झाली.

तसं इथवर पोचणंच सोपं नाही. भुसावळहून हावडा गाठेपर्यंत एक अख्खा दिवस जातो, मग कोलकात्याहून सव्वादोन तासांचं विमान. चेन्नईहून जहाजही आहे, पण ते तीन-चार दिवस घेतं. ज्यांनी तापीच्या पुरापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, त्यांनी हा पर्याय हातात आला तसा खाली ठेवला. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. हॅवलॉकचं त्याआधीच स्वराज द्वीप झालं. फलकावर एक, तिकिटावर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडात तिसरं, त्यामुळे आमच्यातल्या काकू शेवटपर्यंत सगळ्याच बेटांना "ते पलीकडचं" म्हणत राहिल्या.

जेवणात मासे. आमच्यातले निम्मे माळकरी, उरलेल्यांना माशाचा वास बोटीवरच लागलेला. पण पिशव्यांमध्ये तिखट शेव, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला होताच. काकूंनी थेट स्वयंपाकघरात शिरून तिथल्या बंगाली आचाऱ्याला शेवभाजी शिकवली. त्याला मराठी येत नव्हतं, काकूंना बंगाली. तरी रश्शावर बोटभर तर्री आली. आचाऱ्याने एक घास चाखला, डोळे पुसले आणि पाण्याचा जग मागवला.

रावेरचे आप्पा केळीवाले. ते समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडेच्या केळी बघत असत. पान उलटं करून करपा आहे का ते पाहायचं, घड बोटाने मोजायचा, मग मान हलवायची. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा आप्पा बराच वेळ गप्प बसले. आपल्याकडे चांगल्या वर्षी सात-साडेसातशे. "ठिबकचा खर्चच नाही बॉ," एवढंच म्हणाले. घरच्या नळ्यांचं बिल आठवलं असणार.

बाराटांगला जायचं तर पहाटे तीनला उठावं लागतं. वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवतात आणि ठरलेल्या वेळी ताफा करून सोडतात. मध्ये थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो तर गुन्हाच. हे अगदी योग्य आहे; त्यांच्या घरातून आपण जातोय, ते आपल्या नाही. पुढे खारफुटीच्या खाडीतून होडी सुसाट निघाली, तेव्हा आप्पासुद्धा खूश झाले. फांद्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर येतात आणि पाणी हिरवंगार दिसतं. शेवटी चिखलाचा ज्वालामुखी. छोट्याशा उंचवट्यावर राखाडी चिखल, मधूनच एक बुडबुडा.

"याले ज्वालामुखी म्हन्ता?" आप्पा म्हणाले. "मे महिन्यात आमच्या रावेरले या."

नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर वाटाड्याने दीपस्तंभ दाखवला. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेमागचं चित्र इथलंच. जिभाऊंनी खिशातून नवी, पोपटी नोट काढून उलटी केली. तिच्यावर वेरूळची लेणी! चाळीसगावचा घाट चढलं की पलीकडेच. ती नोट त्यांनी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला दाखवली.

सेल्युलर जेलमध्ये मात्र आमचं टोळकं आपोआप शांत झालं. १९०६ साली पूर्ण झालेल्या या तुरुंगात ६९३ कोठड्या होत्या. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. बाबाराव आणि विनायकराव हे दोघे सावरकर बंधू इथेच होते, तरी बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. अंगणात कोलू ठेवलाय. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलो. जिभाऊंच्या घरी पूर्वी तेलाचा घाणा होता. ते दांड्याला हात लावून उभे राहिले.

"आमना घानाले बैल व्हता," ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. तेलकट काही खाऊन बोटीत चढू नका. शेव लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट न्या, कारण दुसऱ्या टोळीतले लोक वासावर येतात. आणि प्रवाळाचा तुकडा कितीही गोड दिसला तरी पिशवीत टाकू नका, परतताना विमानतळावर सापडला तर काढून घेतात.