हुशार काच

पूर्वी निपाणीत गाडीची पुढची काच फुटली, की फिटर रबरात दोरी घालून नवी बसवायचा आणि गाडी रस्त्याला लागायची. आता अनेक एसयूव्हींच्या काचेमागे, आरशाजवळ 'अडास'चा, म्हणजे चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा असतो. काच चिकटवून भागत नाही. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. कोन अंशभर चुकला, तरी लांबचा ट्रक भलत्याच लेनमध्ये दिसतो. म्हणून काचेच्या बिलाला हे शेपूट. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा नाही, दंगलीतली फूटही धरतात. फक्त दावा केलात की नो क्लेम बोनस सहसा गेला.

6 डिसेंबर 2022ला सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, काचा फुटल्या. अशा वेळी अडास काय करणार? पट्टा ओलांडला की ते ओरडतं. कोगनोळीला महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरलं तरी गप्प. दोन राज्यांमधली 1956ची रेघ 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिचं कॅलिब्रेशन अजून झालेलं नाही.

म्हणून कागलचा शहाणा माणूस तणावाच्या दिवसांत ही हुशार गाडी दारात ठेवतो आणि निपाणीच्या मेव्हण्याकडून कर्नाटकच्या केए-23 नंबरची जुनी मारुती मागून घेतो. तिच्यात सेन्सर एकच: नंबरप्लेट.