‘घरातली वायर गेलीय’ म्हणणाऱ्या केबलवाल्या शेठना

शेठ,

‘घरातली वायर गेलीय, पाचशे रुपये होतील.’ तुमच्या माणसाचं हे वाक्य आमच्या पासली गावात आता पोरासोरांनाही पाठ झालंय. उंबऱ्याच्या आत पाय टाकण्याआधीच तो ते म्हणतो. नेटच्या बॉक्सकडे बघत नाही, मीटर काढत नाही, दारासमोरच्या खांबाकडे मानही वर करत नाही. दोष घरातच. न बघता त्याला हे कळतं कसं? आणि कळत नसेल तर पाचशे कशाचे घेता?

आमच्याकडे झालं ते सगळ्यांसमोर सांगतो. श्रावणात मढे घाटाकडून कोकणातलं वारं वर चढलं की खांबावरच्या वायरी रात्रभर आपटत राहतात. अशाच पावसात आमच्या बॉक्सवर लाल दिवा लुकलुकायला लागला. कंप्लेंट दिली. कंप्लेंटचा नंबर मागितला, तर तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘नंबर कशाला? माणूस पाठवतो ना.’ माणूस आला तोवर पावसाने उघडीप दिली होती. ओटीवरून माजघरात आलेली वायर त्याने उपटली, नवी ओढली, पाचशे घेतले. पावती मागितली तर ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणाला. नेट सुरू झालं. पुढचा वारा सुटला आणि लाल दिवा परत लागला, या वेळी आमच्याबरोबर शेजारच्या घरांतही.

मग तुमचाच एक नवा पोरगा आला. त्याचं नाव सांगणार नाही, कारण तुम्ही त्याला कामावरून काढाल. तो आधी खांबावर चढला. तिथल्या जॉइंट बॉक्सचं झाकण एका स्क्रूवर लोंबत होतं, आत चिखल साचलेला, आणि दोन टोकं काळ्या चिकटपट्टीने कशीबशी बांधलेली. वारा आला की ओढ बसायची आणि लाइन तुटायची. वारा पडला की नेट यायचं. पोराने टोकं कापून नवे कनेक्टर बसवले, घरात येऊन पॉवर मीटर लावला आणि उणे १९ हा आकडा मला दाखवला. उणे २० च्या आसपास असलं की लाइन चांगली आणि उणे २८ च्या पलीकडे गेलं की बॉक्स लाइन सोडतो, हेही त्यानेच समजावलं. या सगळ्याला अर्धा तास लागला.

तुमच्या पहिल्या माणसाने उपटलेली वायर पडवीत पडलेली होती. ती आणून मी त्या पोराच्या हातात दिली. त्याने खिशातली लेझरची पेन्सिल तिच्या एका टोकाला लावली आणि दुसरं टोक माझ्या तळहातावर धरायला सांगितलं. तळहातावर लालभडक ठिपका उमटला. मध्ये कुठेही उजेड गळत नव्हता. जी वायर गेली म्हणून तुम्ही पाचशे नेलेत, ती धडधाकट होती.

शेठ, तुमच्या धंद्यात दोष कुठे आहे हे अंदाजाने सांगावंच लागत नाही. काचेची वायर आहे ती. कुठे चुरगळली, जास्त वाकली किंवा तुटली, तर लेझर मारल्यावर अंधाऱ्या खोलीत नेमक्या त्याच जागी लाल उजेड बाहेर पडतो. खांबापाशी मीटर लावून एक आकडा घ्यायचा, घरात बॉक्सपाशी दुसरा. खांबावरच आकडा घसरलेला असेल तर दोष तुमच्या लाइनचा. खांबावर ठीक आणि घरात घसरला असेल तर दोष घरातला. महावितरणचा वायरमनसुद्धा लाइट गेली म्हटल्यावर आधी मीटरपर्यंत करंट येतोय का ते टेस्टरने बघतो, मग घराच्या वायरिंगला हात लावतो. तुमच्या माणसाच्या पिशवीत मीटर नसेल तर तो तुम्ही घेऊन द्यायचा. त्याची कसर आमच्या खिशातून भरून काढायची नाही.

आता खरोखर घरातल्या दोषाचं बघू. तोही होतो, मी नाकारत नाही. उंदीर वायर कुरतडतो. लाइट सारखी कमी-जास्त होते आणि बॉक्सचा ॲडॅप्टर जळतो. तेव्हा कुठलाच दिवा लागत नाही, मग ॲडॅप्टर बदलायचा असतो, अख्खा बॉक्स नाही. टीव्हीच्या वायरीला कोणीतरी मध्येच स्प्लिटर लावतो, आणि दोन तोंडांच्या त्या साध्या स्प्लिटरने सिग्नल निम्म्यावर येतो. ही कामं घरमालकाने पैसे देऊन करून घ्यावीत, त्यात वाद नाही. पण आमच्या गावात घराघरांतली वायर ओढली कोणी? तुमच्याच माणसांनी. दाराच्या चौकटीवरून काटकोनात वळवून, वर यू-खिळा ठोकून. काचेच्या वायरीला एवढा आवळ वळसा दिला की त्या वळणातून उजेड निसटतो, आणि काही महिन्यांनी लाइन बारीक होते. लावताना पैसे घेतलेत, मग तुमच्याच खिळ्याने बिघडलं म्हणून दुसऱ्यांदा पैसे? हा दोष घरातला असला तरी घराचा नाही.

आमच्या वाडीतल्या आजींची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. त्यांची पोरं पुण्यात. नातीचा चेहरा दिसावा म्हणून मुलाने नेट घेऊन दिलं. गेल्या पावसाळ्यात तुमच्या माणसाने आजींकडून दोनदा ‘घरातली वायर’ म्हणून पैसे नेले. दुसऱ्या वेळी त्यांनी कोंबड्या विकून दिले. आजींनी मला विचारलं, ‘बाबा, माझ्या घरातच असं काय आहे की वायर टिकत नाही?’ घराचा काही दोष नाही, हे त्यांना समजावताना मला तुमचा जो राग आला, तो आजही उतरलेला नाही. म्हाताऱ्या माणसाला आपल्याच घराची शरम वाटायला लावलीत, शेठ.

दुसऱ्या देशांतही घरातल्या वायरिंगचे पैसे घेतात, पण तिथे हद्द ठरलेली असते आणि ती ग्राहकाला स्वतः तपासता येते. ब्रिटनमध्ये फोनच्या मुख्य सॉकेटचं पुढचं झाकण काढलं की आत एक टेस्ट सॉकेट असतं. तिथे फोन लावून चालला तर दोष घरातला, नाही चालला तर कंपनीचा. अमेरिकेत घरातलं वायरिंग १९८७ पासून फोन कंपनीच्या दरपत्रकातून वेगळं झालं, आणि घराबाहेरच्या डबीत तसंच तपासण्याचं सॉकेट आलं. आपल्याकडे अशी डबी भिंतीवर नसेल, तर मीटरवरचा आकडा दाखवणं हे तुमचं कर्तव्य ठरतं.

आणि आपल्याकडे नियमच नाहीत असंही समजू नका. बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची, हे दूरसंचार नियामक ट्रायने ब्रॉडबँडसाठी २००६ मध्येच लिहून ठेवलं होतं. सेवेच्या दर्जाची नवी नियमावली १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तक्रारीला नंबर द्यायचा, हे २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत आहे. टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला ती पळवाट बंद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. हा नंबर मी शेजारच्या सगळ्या घरांत लिहून दिलाय.

या पावसाळ्याआधी माझ्या चार मागण्या आहेत. ज्यांच्याकडून न तपासता पैसे घेतले त्यांचे परत करा, आणि सुरुवात आजींच्या घरापासून करा. यापुढे घरातल्या कामाचे पैसे मागण्याआधी खांबावरचा आणि घरातला असे दोन्ही आकडे ग्राहकाला दाखवा आणि पावतीवर लिहा. ‘घरातली वायर’ एवढंच लिहिलेली पावती आम्ही घेणार नाही. प्रत्येक तक्रारीला नंबर द्या. ओढ्याकाठच्या खांबांवरचे जॉइंट बॉक्स बदला. तीन बॉक्सची झाकणं उडालेली आहेत, तुमचा माणूस आला तर मी सोबत येऊन दाखवतो.

उपटलेली वायर माझ्याकडेच आहे, आणि लेझर मारताना काढलेला व्हिडिओही. महिनाअखेरपर्यंत तुमचं लेखी उत्तर आलं नाही, तर दोन्ही घेऊन पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. आजींचा अर्ज मी आधीच लिहून ठेवलाय, त्यावर त्यांचा अंगठाही झालाय.

पासलीचा एक ग्राहक