घरच्या घरी केबलवाला व्हा

अभिनंदन! केबल तोडायचं तुम्ही ठरवलंय. याचा अर्थ तुम्ही हुशार आहात, काटकसरी आहात आणि तुमचे रविवार मोकळे आहेत. पहिल्या दोन गोष्टी नसल्या तरी चालतात. 'कोडी' नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर इंटरनेटवरून थेट टीव्ही कसा लावायचा, हे आपण बीड जिल्ह्यातल्या गेवराईत बसून शिकणार आहोत. पायऱ्या क्रमाने करा. मध्येच एखादी गाळलीत तर काम लवकर संपेल, आणि मग रविवारी करायचं काय?

१. आधी हिशेब मांडा आणि घरच्यांपुढे ठेवा

हिशेब वहीवर करा, तोंडी नको. २०१९ साली ट्रायची नवी दरपद्धत आली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांचं मूळ शुल्क १३० रुपये होतं. जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. तोच आकडा धरा, कारण तो लहान आहे आणि त्यावर वाद होत नाही. आता कोडीसाठी साडेपाच हजारांचं यंत्र घ्या. ३६ महिन्यांत पैसे वसूल! सदतिसाव्या महिन्यापासून निव्वळ नफा. या हिशेबात इंटरनेटचं बिल धरू नका, ते 'पोरांच्या अभ्यासाचं' आहे. स्वतःच्या वेळेचा दर शून्य लावा. तीन वर्षं यंत्र बिघडणार नाही असं गृहीत धरा आणि कुणी शंका काढली तर वही मिटा.

२. यंत्र निवडा

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक चांगला. जुना लॅपटॉपही चालतो, फक्त त्याचा पंखा बातम्या देणाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलतो. पण तुमचं मन बसणार ते तिसऱ्याच वस्तूवर, हे आम्हाला ठाऊक आहे: 'आयुष्यभर सगळं फुकट' असा कागद चिकटवलेला, कोणत्याच कंपनीचं धड नाव नसलेला अँड्रॉइडचा डबा. जरूर घ्या. अशा स्वस्त डब्यांपैकी टी९५ नावाच्या एकात कारखान्यातूनच घुसखोर सॉफ्टवेअर भरून आल्याचं जानेवारी २०२३ मध्ये उघडकीला आलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या नावाने अशाच उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. तुम्ही मालिका बघत असता आणि डबा तुमच्याच इंटरनेटवरून परक्या माणसाची कामं उरकत असतो. वाईट वाटून घेऊ नका. घरात कुणीतरी चोवीस तास कामाला लागलं, हे काय कमी आहे?

३. कोडी बसवा आणि रिकाम्या पडद्याचं स्वागत करा

कोडीचा जन्म २००२ मधला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळण्याच्या यंत्रावर सिनेमे दिसावेत म्हणून काही हौशी मंडळींनी ते लिहायला घेतलं. त्याचंच पुढे एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. ज्या यंत्राचं जे काम नाही ते त्याच्याकडून करून घ्यायचं, हा या घराण्याचा वारसा आहे. आता तो तुमच्याकडे आला.

पहिल्यांदा उघडल्यावर त्यात काहीही दिसणार नाही. हा बिघाड नाही. कोडी बनवणारे वर्षानुवर्षं सांगत आलेत की आम्ही फक्त दाखवायचं साधन देतो, दाखवायचा माल देत नाही. हे वाचायचं राहून गेलेल्या सर्वांनी मिळून जगभर कोडीचं नाव खराब केलं. तुम्हीही वाचू नका. थेट 'अ‍ॅड-ऑन'मध्ये जा, 'पीव्हीआर क्लायंट' शोधा आणि त्यात 'आयपीटीव्ही सिंपल क्लायंट' बसवा. नावात 'सिंपल' आहे. धीर धरा.

४. भिंत पाडू नका

राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मधल्या घरात असेल, आणि घर जुन्या माळवदाचं असेल, तर मध्ये दोन हात जाडीची मातीची भिंत आहे. वायफाय पलीकडे जाणार नाही. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडलंत तर आणखीच जाणार नाही, २.४ निवडलंत तर अडखळत जाईल. उपाय एकच, तार ओढा. तार दारातून न्या, चौकटीवर खिळे मारा, मग कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर घेऊन खिडकीच्या भोकातून आत घ्या. केबलवाल्याची तार घराची शोभा घालवते, ही तुमची जुनी तक्रार होती. ती तार काढली त्याच भोकातून ही आत येते.

५. यादी मिळवा

खरं काम इथून सुरू होतं. क्लायंटला एक 'एम३यू' यादी लागते. ही साधी मजकुराची फाइल असते. वाहिनीमागे दोन ओळी, एकीत नाव आणि दुसरीत पत्ता. मुळात हा प्रकार गाण्यांच्या याद्यांसाठी निघाला. लोक जगभरच्या उघड प्रक्षेपणांचे पत्ते गोळा करून अशा याद्या फुकट वाटतात. यादीचा पत्ता चिकटवा, कोडी बंद करून पुन्हा चालू करा, आणि बघा, हजारो वाहिन्या!

हजारो ऐकून शेजाऱ्याला बोलवायला धावू नका. आधी चाळून बघा. तुर्कस्तानातली स्वयंपाकाची वाहिनी लगेच लागेल. ब्राझीलमधलं प्रवचन तर काचेसारखं स्वच्छ दिसेल. मराठी वाहिन्या यादीत खाली असतात आणि त्यांच्यावर दाबलं की आकडे येतात. ते पाठ करून ठेवा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर घरच नाही. ४०३ म्हणजे घर आहे, आत माणसंही आहेत, पण तुम्हाला दार उघडायचं नाही. वाहिन्यांच्या पत्त्यांना बहुधा मुदत असलेली किल्ली जोडलेली असते. किल्लीची मुदत संपली की यादी शिळी. काल रात्री अकराला जे चालत होतं ते आज पाहुण्यांसमोर का चालत नाही, याचं उत्तर हे आहे. पाहुण्यांना मात्र 'वरूनच प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगा. हे वाक्य आजवर केबलवाला तुम्हाला सांगत होता. आता ते तुमच्या तोंडी आलं, म्हणजे प्रगती योग्य दिशेने चालू आहे.

६. गाइड लावा

कुठल्या वाहिनीवर काय चालू आहे हे दाखवायला 'एक्सएमएलटीव्ही' नावाची दुसरी फाइल लागते. ती लावलीत की संध्याकाळी सातचा कार्यक्रम दुपारी दीडला दिसेल, कारण गाइड ग्रिनिचच्या वेळेवर चाललंय आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. सेटिंगमध्ये हा फरक भरा. कधी कधी फाइलने तो आधीच धरलेला असतो. मग सातचा कार्यक्रम रात्री साडेबाराला जातो. कंटाळलात तर साडेपाच मिळवायला शिका. घड्याळ बघून गणित करणारा प्रेक्षक सावध राहतो.

७. बफरिंगची सवय करा

खरं तर ही पायरी बीड जिल्ह्यात शिकवायची गरज नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि बीड स्थानकात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. पडद्यावरचं फिरतं चक्र आपण काय बघितलेलं नाही?

तरी थोडं तंत्र. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे चालवलंत तर नेमकी ४० मिनिटं मिळतात. जाहिराती धरून. शिवाय इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण तुकड्या-तुकड्यांनी येतं. एकेक तुकडा बहुधा काही सेकंदांचा, आणि तीनेक तुकडे हाती आल्याशिवाय चित्र हलत नाही. त्यामुळे क्रिकेटच्या दिवशी शेजारच्या डिशच्या छत्रीवाल्याच्या घरात आरडाओरड झाली की समजा, तुमच्याकडे अजून गोलंदाज धावायला लागायचाय. याचा फायदा करून घ्या. घरात आधीच 'आता विकेट जाणार' असं म्हणून टाका. चार-पाच सामन्यांत तुमच्याविषयी आदर वाढेल.

८. कायद्याला घाबरा, पण माफक

एखाद्या वाहिनीने स्वतः उघड ठेवलेलं प्रक्षेपण बघणं वेगळं. पैसे भरून बघायच्या वाहिन्या कुणीतरी चोरून वाटतो आणि 'महिना शंभर रुपये' घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतो, ते वेगळं. विजेच्या तारेवर टाकतात त्याला आपल्याकडे आकडा म्हणतात. हा टीव्हीवरचा आकडा. फरक एवढाच की तारेवरचा आकडा टाकणाऱ्याला तो बेकायदा आहे हे पक्कं माहीत असतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपणावर प्रसारकाचा हक्क २५ वर्षं राहतो. ६३ व्या कलमात हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. युरोपातही २६ एप्रिल २०१७ रोजी लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने असल्या आयत्या याद्या भरून डबे विकणं हक्कभंगात मोडतं असा निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१९ मध्ये असा आदेश काढला की चोरट्या साइटने नाव बदललं तरी नव्या नावालाही तीच बंदी लागू करता यावी. म्हणजे तुमची यादी शिळी होण्याला आता न्यायालयाचाही हातभार आहे. आणि ते शंभर रुपये? पाठवलेल्या माणसाचा नंबर पुढच्या महिन्यात बंद. तक्रार कुठे करणार? 'माझ्या चोरीच्या मालाची डिलिव्हरी झाली नाही' असं लिहून बघा.

९. वीज

जाणार. रास्पबेरी पाय चालू असताना अचानक गेली तर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. मग पायरी ३ पासून पुन्हा. इन्व्हर्टरवर आधी राउटर जोडा, मग डबा, मग टीव्ही, आणि जागा उरली तर पंखा.

१०. घरच्यांना प्रशिक्षण द्या

आईला बातम्या बघायच्या आहेत. टीव्हीचा रिमोट घेऊन सोर्स बदला, 'एचडीएमआय २' निवडा. तो रिमोट ठेवा, दुसरा उचला. कोडी, मग टीव्ही, मग ग्रुप, मग मराठी, मग वाहिनी. फिरतं चक्र आलं तर थांबा. आकडा आला तर मागे या, पण मागे जायचं बटण दोनदा दाबू नका. हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, लॅमिनेट करा, टीव्हीशेजारी टांगा. आई कागदाकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "त्या केबलवाल्याला बोलीव की, बाबा." रागावू नका. तिला तंत्रज्ञान कळत नाही.

यापुढे तुम्ही गावाला गेलात तरी फोन चालू ठेवायचा. लग्नात, मयतीत, गढी गावाच्या पुढे महामार्गावर गाडी चालवताना, कुठेही 'ते गोल गोल फिरतंय' असा फोन येईल. एकदा का तुमच्या टीव्हीवर चित्र आल्याची बातमी पसरली की मादळमोहीपासून चकलांब्यापर्यंतचे पाहुणे आपापले डबे घेऊन हजर होतील. प्रत्येकाचा डबा वेगळा, कागद मात्र तोच, आयुष्यभर सगळं फुकट. नाही म्हणता येणार नाही. केबलवाला निदान महिन्याला पैसे घ्यायचा.

११. बाकीचे काय करतात ते बघू नका

बघितलंत तर मन लागणार नाही. दसरा-दिवाळीनंतर याच तालुक्यातून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, मुक्काम फडाशेजारच्या कोपीत, सहा-सहा महिने. तिथे ना सेटटॉप बॉक्स, ना कोडी. रात्री मोबाइल उघडायचा, यूट्यूबवर जायचं. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, साम या बातम्यांच्या वाहिन्या स्वतःच तिथे थेट आणि फुकट चालू असतात. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं अ‍ॅप आणलं, त्यावर थेट वाहिन्या आहेत. त्याला ना यादी लागते, ना गाइड, ना लॅमिनेट केलेला कागद.

आणि छतावरच्या छत्रीबद्दल तर ऐकूच नका. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४ पासून सुरू आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५ सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे आणि तिथून गेवराईच्या छतापर्यंत चित्र फिरत्या चक्राशिवाय येतं. तुमच्या राउटरपासून मधल्या घरापर्यंत वीस फूट आहेत. जोराच्या पावसात छत्रीचं चित्र जातं, हे खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने गोदाकाठ झोडपला, तसे दिवस सोडले तर गेवराईत जोराच्या पावसाबद्दल तक्रार करणारा माणूस सापडणं कठीण.

तेव्हा कोडी जरूर लावा, छंद म्हणून उत्तम आहे. आईसाठी मात्र छत्री, तार आणि डबा आणा. तिन्ही मिळून दोनेक हजारांत येतात. त्यावर सह्याद्री दिसते, महिन्याचं भाडं नाही, आणि रिमोट एकच लागतो.