जँगोची सहीशिक्क्याची नक्कल

सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात उभी हयात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एखादा छंद जडावा आणि तोही नकला करण्याचाच असावा, यात नियतीचा जो काही उपहास असेल तो असो. परंतु ज्या सद्गृहस्थाच्या वादनाची स्वरबरहुकूम नक्कल करण्याचे मी मनावर घेतले आहे, त्याने आयुष्यात कोणत्याही हजेरीपटाशी इमान राखले नाही, स्वरलिपीचे एक अक्षर कधी वाचले नाही, आणि काल काय वाजवले ते आज ध्यानात ठेवण्याची तसदीही घेतली नाही, ही गोष्ट मात्र दप्तरांत वाढलेल्या माझ्यासारख्या इसमाच्या अद्याप पचनी पडलेली नाही.

या सद्गृहस्थाचे नाव जँगो राइनहार्ट. 23 जानेवारी 1910 रोजी बेल्जममधल्या लिबर्शी या गावी, भटक्या जिप्सी कुटुंबाच्या गाडीत तो जन्मला आणि पॅरिस शहराच्या वेशीबाहेर, अशाच गाड्यांच्या तळावर वाढला. 1928 साली एका रात्री, बायकोने विकण्यासाठी करून ठेवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी पेट घेतला आणि त्या आगीत या अठरा वर्षांच्या पोराच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. दुसरा कोणी असता तर त्याने गिटार खुंटीला टांगून नशिबाला बोल लावला असता. याने बिछान्यावर पडल्या पडल्या उरलेल्या दोन बोटांनी सगळे वादन मुळापासून नव्याने बसवले, आणि 1934 साली स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकासह तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक बेस असा, ढोलताशाचे नावही नसलेला, निव्वळ तारांचा पंचक-संच उभा करून साऱ्या युरोपला ठेका धरायला लावले.

आता नकलेचा पहिला पेच येथेच उपस्थित होतो. मूळ वादन दोन बोटांचे. माझी बोटे, ईश्वरकृपेने म्हणा वा माझ्या साधनेच्या दुर्दैवाने म्हणा, चारही शाबूत. या पंथातल्या कर्मठांचे म्हणणे असे की, जँगो ज्या ताना दांडीच्या लांबीवर धावत जाऊन घेतो, त्या चार बोटांच्या माणसाने एकाच जागी बसून आडव्या घेतल्या, तर स्वर तेच निघतील पण त्यांतली धाप निघणार नाही. हे मला पटते. कारण एका बोटाने तारेवरून अर्ध्या-अर्ध्या स्वराची उतरंड घसरत यावी आणि दुसऱ्याने ऐन वेळी तिला अडवावे, यात जी मौज आहे ती सुखवस्तू बोटांना साधत नाही. म्हणून मी माझी अनामिका आणि करंगळी सक्तीच्या रजेवर पाठवली आहेत. परंतु जँगो आखडलेली ती बोटेसुद्धा स्वरसंगती धरताना कामाला लावीत असे. माझी मात्र रजा मंजूर होताच अशी ताठ उभी राहतात की, समोरून पाहणाऱ्यास मी वाजवीत नसून कोणाला तरी आशीर्वाद देत आहे असा भास व्हावा. आमच्या सौभाग्यवतींनी तर एकदा, "हाताला मुंग्या आल्या का हो?" अशी सचिंत पृच्छा करून तेलाची वाटी पुढे केली होती.

नकलेसाठी मी मुक्रर केलेला दस्तऐवज म्हणजे 25 नोव्हेंबर 1937 रोजी पॅरिसमध्ये मुद्रित झालेले 'मायनर स्विंग'. सोळा मात्राखंडांचे आवर्तन, मोजक्या स्वरसंगती, आणि चाल म्हणावी तर जवळजवळ नाहीच: गिटारीने एक प्रश्न टाकायचा, तो पुरता उच्चारलाही गेला नाही तोच वादनाला सुरुवात व्हायची. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे आमच्याकडे बालगंधर्वांना जसे एका पदाचे सारे वैभव तेवढ्या अवकाशात बसवावे लागले, तसेच जँगोलाही सारे काही तेवढ्यातच उरकावे लागले. आणि ते उरकताना घाई कोठेही दिसत नाही, हेच नक्कल करणाराच्या मुळावर येते. शिवाय जुन्या तबकड्यांचा वेग नेमका अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचाच असेल याची हमी कोणी देत नाही. सबब आपली गिटार शास्त्रशुद्ध लावून बसावे तर तबकडीतली किंचित वर किंवा किंचित खाली बोलते, आणि पहिला तासभर वादनात न जाता खुंट्या पिळण्यातच खर्ची पडतो.

यानंतर स्वर टिपणे. पूर्वी ध्वनिफितीचा वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जात आणि जँगो रेड्यासारखा हंबरू लागे. आताच्या यंत्रांत पट्टी कायम ठेवून केवळ चाल मंदावते. ही सोय होताच माझ्यातला जुना कारकून जागा झाला. एकेक मात्राखंड निम्म्या गतीने, मग पाव गतीने ऐकून मी रकाने आखलेल्या वहीत तार, पडदा, बोट आणि नखीचा आघात वरून की खालून, अशी नोंद करू लागलो. कारण या शैलीत तार बदलली की आघात खालीच मारावा, मनगट वाकवून हात पृष्ठभागापासून अधांतरी ठेवावा, असा दंडक आहे, आणि तो मोडला तर स्वर बरोबर असूनही आवाज मवाळ पडतो. एका जागी मला एक 'खट्' ऐकू येतो. तो तबकडीवरचा चरा, की लाकडावर आपटलेली नखी, की घाईत शेजारची तार लागली, यावर आमच्या घरी मोठा वाद झाला. मी तो तूर्त 'संशयित स्वर' या शेऱ्यानिशी वहीत दाखल केला असून दररोज इमानाने वाजवतो. मसुद्यातला शाईचा डाग नकलेत उतरवू नये असा आमच्या विभागाचा रिवाज होता खरा, परंतु तेथे डागात कोणाचा आत्मा असण्याचा संभव नव्हता.

या सगळ्या उद्योगाला खरा सुरुंग लावला तो जँगोनेच. 1949 साली रोममध्ये ग्रापेलीबरोबर त्याने हेच 'मायनर स्विंग' पुन्हा मुद्रित केले. मी मोठ्या उमेदीने वही उघडून, नोंदींचा ताळा घेण्यासाठी ते ऐकावयास बसलो, तो काय! माझ्या वहीतली एकही ओळ त्याने जशीच्या तशी वाजवलेली नाही. बारा वर्षांपूर्वी स्वतःच्याच हातून घडलेल्या गोष्टीची त्याला दादही नाही, फिर्यादही नाही. म्हणजे जगभर शेकडो लोक ज्या वादनाला वेदवाक्य समजून घोकतात, ते वाजवण्याच्या परीक्षेला खुद्द जँगो बसला असता, तर निदान माझ्या हातून तरी तो नापासच झाला असता. अर्थात परीक्षेच्या वेळी तो हजर राहिला असता हेही संभवत नाही. 1946 साली ड्यूक एलिंग्टनसारख्या थोराने अमेरिकेला बोलावले तर हा स्वतःची गिटार न घेताच गेला, आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या दुसऱ्या कार्यक्रमाला, सेर्दाँ नावाच्या मुष्टियोद्ध्याशी गप्पा छाटण्यात रमून, प्रयोग जवळजवळ आटोपल्यावर उगवला.

असे असूनही नक्कल सोडवत नाही. जिप्सी लोकांत पोरे याच वाटेने शिकतात: थोरल्यांच्या मांडीला मांडी लावून, कानाने टिपून, जँगोची वादनेच्या वादने बोटांत मुरवतात. बिरेली लाग्रेन हा मुलगा तेराव्या वर्षी ती अशी काही वाजवू लागला की लोकांनी तोंडात बोटे घालावीत, आणि पुढे मोठेपणी तो पार निराळ्याच संगीताच्या मुलखात निघून गेला. त्यांच्यासाठी नक्कल हा उंबरठा. माझ्यासारख्यांनी तेथेच बिछाना टाकला आहे. पण मला त्याची लाज वाटत नाही. स्वतःचे काही सुचत नसताना दुसऱ्याला सुचलेले उत्तम ते नीट हाताळून पाहणे, यापरता निरुपद्रवी कैफ मला ठाऊक नाही. जँगो 16 मे 1953 रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. सेन नदीकाठच्या ज्या साम्वा गावात त्याचे अखेरचे दिवस मासे धरण्यात आणि चित्रे काढण्यात गेले, तेथे सुरू झालेल्या उत्सवाच्या निमित्ताने देशोदेशींचे वादक झाडांखाली गोळा होऊन त्याच त्या ताना घासत बसतात, आणि कोणी कोणाकडे मूळ प्रतीचा दाखला मागत नाही.

आमच्या मेहुण्याने मात्र मागितला. त्याला वाद्य कोणतेच येत नाही, पण या नकलेच्या उद्योगात आपल्यालाही काही कामगिरी असावी असा त्याचा पहिल्यापासून हट्ट. 'मायनर स्विंग'च्या अगदी शेवटी, वाद्ये थांबता थांबता कोणीतरी खुशीत येऊन "ओ येऽ" असे म्हणतो. तो बेसवाला लुई व्होला, असे जाणकार सांगतात. पूर्वी आपल्याकडे गौहरजानसारख्या गायिका तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारीत, परंतु त्याला व्यवहाराचे कारण होते. याला कसलेच नाही. व्होलाचा तो उद्गार मेहुण्याच्या बरोबर ध्यानात आला.

"दाजी, तुम्ही 'खट्'सुद्धा सोडत नाही म्हणता. मग शेवटी तो ओरडतो, ते तुमच्या वहीत कुठंय?"

"अरे, तो काही स्वर नव्हे."

"असं तुम्ही म्हणता. दाखला काय?"

दाखला नव्हता. नाइलाजाने नवा रकाना आखून ती नोंद घ्यावी लागली आणि कामगिरी त्याच्याकडे सोपवावी लागली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येतो, यंत्रावर तेवढाच तुकडा पाव गतीने लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. व्होलाचा 'ओ' नाकातून आहे की छातीतून, याचा निकाल लागल्याखेरीज पुढे जाणे त्याला मंजूर नाही. शेजारच्यांनी दोनदा चौकशी केली. 'येऽ' तो पावसाळ्यानंतर घेणार आहे.