ओव्हरसीज प्लेअर

पेणचे गणपती परदेशी निघतात ते पाऊस सुरू व्हायच्या कितीतरी आधी. खोक्यात पेंढा भरून, वर ‘नाजूक माल’ अशी चिठ्ठी लावून. डिसेंबर उजाडला की त्याच वाटेने उलटा एक माल पेणला येतो. तोही नाजूकच असतो, फक्त चिठ्ठी लावलेली नसते. कंबरेला पट्टा, गुडघ्याला पट्टा, डोक्याला गॉगल आणि ट्रॉलीबॅगेच्या बाहेर डोकावणारा बॅटचा दांडा. याला आमच्याकडे ओव्हरसीज प्लेअर म्हणतात.

आयपीएलमध्ये एका संघाला मैदानात चार ओव्हरसीज खेळवता येतात. आमच्या टेनिस बॉल स्पर्धेत एकच. नियमात स्पष्ट लिहिलं आहे : जन्म गावचा, आधार कार्ड गावचं, राहणं कुठेही. हा नियम लिहिला मीच. मी गुणलेखक आहे. म्हणजे खेळता येत नाही, पण अक्षर बरं आहे.

आमचा ओव्हरसीज शिकागोच्या उपनगरात राहतो. तिथून मुंबईपर्यंतच्या विमानप्रवासाबद्दल तो एका वाक्यापलीकडे बोलत नाही. विमानतळ ते पेण या प्रवासाबद्दल मात्र अर्धा तास बोलतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि हाही त्याच वर्षी अमेरिकेला गेला. रस्ता आधी पुरा होतो की याला ग्रीन कार्ड आधी मिळतं, यावर पारावर पैजा लागलेल्या आहेत. पैज लावणाऱ्यांपैकी दोघे निजधामाला गेले. पैज चालू आहे.

आल्या आल्या तो मैदानावर येतो. मैदान म्हणजे खारेपाटातलं कापणी झालेलं भातशेत. मधली पट्टी पाणी मारून, रोलर फिरवून गुळगुळीत केलेली. तिच्या बाहेर चारी बाजूंना धसकटं. एका अंगाला खारबंदिस्तीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. तिथे उभा राहून तो दीर्घ श्वास घेतो आणि म्हणतो, “अरे, काहीच बदललं नाही!” शेजारी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्या पोरांचे तीन कॅमेरे लागत असतात, डीजेच्या भिंती रचल्या जात असतात आणि मालिकावीराला द्यायची मोटारसायकल फुगे लावून स्टेजवर चढवलेली असते. तो म्हणतो काहीच बदललं नाही, तर आपण हो म्हणावं. पाहुणा आहे.

“काय रं, कधी आलास?” म्हातारे विचारतात.

“परवा रात्री. अजून जेट लॅग आहे, काका.”

“जेट लॅग नाय रं तो. काल पोपटीला वालाच्या शेंगा किती हाणल्यास?”

लिलावात याचं नाव पुकारलं की संघमालक एकमेकांकडे बघतात. लिलाव पॉइंटचा असतो, पैशांचा नव्हे. याच्यासोबत पंधरा टी-शर्ट, दोन डझन बॉल आणि उपविजेत्या संघाचा चषक येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. फलंदाजी त्यात धरलेली नसते. तो बेस प्राइसला जातो आणि मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो. मला नेहमी वाटतं, त्याला हे सगळं समजत असावं. पण तो ते इतक्या खुशीत समजून घेतो की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

खेळणं ही त्याची दुय्यम हौस. त्याला खरं व्हायचं असतं ते व्हॉलंटियर. आता आमच्याकडे कार्यकर्ते मुबलक आहेत, व्हॉलंटियर नाहीत. दोन्हींत फरक आहे. व्हॉलंटियर ठरलेल्या वेळी येतो, खुर्च्या उचलतो आणि जातो. कार्यकर्ता उशिरा येतो, खुर्च्या उचलायला सांगतो आणि त्यातल्या एकीवर बसतो. आमच्या ओव्हरसीजने पहिल्याच वर्षी एक तक्ता करून मंडपाला चिकटवला. आठ ते दहा पाणी कोण देणार, दहा ते बारा प्रथमोपचार कोण बघणार, सनस्क्रीनचं टेबल कोण सांभाळणार. नावं लिहायला पेनही दोरीने बांधून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तक्त्यावर एकच नाव होतं, त्याचं, सगळ्या रकान्यांत. पेन कुणीतरी नेलं. सनस्क्रीन मात्र सत्कारमूर्तींपैकी एकांनी क्रीम-बिस्किटाबरोबरचं काहीतरी समजून हुंगून परत ठेवलं. खारेपाटात उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो. तिथे उन्हाला लावायचं क्रीम हा विषयच कुणाच्या डोक्यात शिरेना.

व्हॉलंटियरगिरीचं हे वेड त्याला तिकडे लागलं, आणि सॉफ्टबॉलचंही. ऑफिसच्या संघात तो दर रविवारी सॉफ्टबॉल खेळतो. जिंकणं-हरणं नसतं, नुसतं हसणं असतं, असं तो सांगतो. ते ऐकून आमचा कर्णधार चिंतेत पडतो. सॉफ्टबॉलची जन्मकथा तो दरवर्षी न चुकता सांगतो. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात मंडळी फुटबॉलच्या सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. कुणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तो मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि तिथल्या तिथे खेळ सुरू.

“म्हणजे आमच्या आज्याचा चिंधीचा चेंडू,” पोरं म्हणतात.

“एक्झॅक्टली!” तो म्हणतो. त्याला वाटतं मुद्दा पोचला.

एकदा त्याने खरा सॉफ्टबॉलही आणला. बारा इंच घेराचा, पिवळाधम्मक, बेलफळाएवढा. “काका, याला सॉफ्ट कोण म्हणालं?” एका पोराने तो कपाळावर ठोकून विचारलं. काका म्हटल्याचं त्याला जास्त लागलं; घरून निघताना तो दादा होता. मग त्याने डाव्या हाताची वाकडी करंगळी दाखवली. शिकागोत सोळा इंचाच्या चेंडूने, हातमोजे न घालता खेळायची रीत आहे, तिची ती खूण. करंगळी बघून मात्र पोरांचा त्याच्याविषयीचा आदर वाढला. तो पिवळा चेंडू आता पायमोज्यात घालून आंब्याला टांगलेला आहे. नवशिकी पोरं त्यावर बॅट फिरवायला शिकतात.

गेल्या वर्षी त्याने आणखी एक कल्पना मांडली. अमेरिकेची पीस कोअर म्हणून संस्था आहे, केनेडींनी १९६१ साली काढलेली. तिचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही होते. पश्चिम आफ्रिकेतले तिचे स्वयंसेवक दरवर्षी सेनेगलच्या डकार शहरात जमतात आणि गमतीचा सॉफ्टबॉल खेळतात. कसे, तर चित्रविचित्र वेश करून. “आपणही करूया,” तो म्हणाला. “प्रत्येक संघाने एक सोंग घ्यायचं.”

मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. “सोंगं शिमग्याला आणतात,” ते शेवटी म्हणाले. “आणि खेळताना आमची पोरं वेगळं सोंग काय घेणार? निम्मे धोनी आहेत, निम्मे कोहली.”

यंदा उपांत्य सामना रोह्याच्या संघाशी होता. रोहेकर टेम्पोतून नागोठण्यामार्गे आले आणि आल्या आल्या धावीर महाराजांच्या नावाने गजर करून त्यांनी निम्मी हवा काढून घेतली. परदेश गाजवण्याचा विषय निघाला की रोहेकर चिंतामणराव देशमुखांवर येतात. हा आमच्या रोह्याचा, १९१८ साली इंग्लंडात आयसीएसला पहिला आला, पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. यावर पेणकरांकडे उत्तर नाही. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, एवढंच आम्ही पुटपुटतो. मग आम्ही एकदम इस्रायलपर्यंत जातो. तिकडे गेलेल्या बेने इस्रायली मंडळींत पेणकर आडनाव आहे की नाही? आहे. पण रोहेकरही आहे, असं ते म्हणतात, आणि तेही खरंच असल्याने सामना तिथेच बरोबरीत सुटतो.

रोह्याचा ओव्हरसीज वेगळ्या जातीचा. तो बोटीवर असतो. सहा-सहा महिने समुद्रात. काही समजावत नाही, काही वाटत नाही, तंबाखू मळत उभा असतो. जहाजावर धावायला जागा कुठली? म्हणून तो धावत नाही, थेट सिक्सर मारतो. गोलंदाजी दोन पावलांवरून करतो. आमच्याला त्याने पहिलाच बॉल हळू, उंच, लाडात टाकला. आमच्याचे डोळे चमकले. रविवारचा शिकागोचा बॉल! त्याने तो कव्हरवरून सणसणीत हाणला, बॅट तिथेच टाकली आणि धावत सुटला.

सॉफ्टबॉलमध्ये फटका मारला की बॅट टाकून पळायचं असतं. हाताला लागलेली ती सवय. पहिली धाव निघाली. नॉन-स्ट्रायकर ओरडत होता, “बॅट! बॅट!” याला वाटलं, तो शाबासकी देतोय. दुसऱ्या धावेला तो पट्टीवरून बाजूला आला आणि तिकडच्या पद्धतीने पाय पुढे करून घसरला. तिकडे घसरायला मऊ माती असते. इथे धसकटं. वीतभर अलीकडे तो रुतून थांबला. हातात बॅट असती तर क्रीजमध्ये पोचला असता. बॅट त्याच्या पलीकडे, स्टंपांशेजारी, सुखरूप घरात पडलेली होती.

“ओव्हरसीज प्लेअर इमिग्रेशनला अडकले!” समालोचक माईकवर किंचाळला. “साहेब, बॅट म्हणजे व्हिसा! व्हिसा घरी विसरलात!”

सगळं मैदान हसलं. तोही हसला, अगदी मनापासून, मांडीवरची धसकटं उपटत. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि धावसंख्या बरोबर मांडली आहे का ते तपासू लागला. त्याची एक धाव मी लिहिली होती. त्यावर त्याने दोनदा बोट फिरवलं.

रोह्याला शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या आणि बोटवाला खेळत होता. पहिलाच बॉल बांधावरून खाडीत. ओहोटी लागलेली, नुसता चिखल चमकत होता. दुसरा बॉल काढा, असं पंच म्हणत होते. दोन डझनांतले बॉल शिल्लक होते. पण आमचा उठलाच. “मी आणतो,” म्हणाला. तक्त्यात हेही काम त्याच्याच नावावर असावं. बूट काढले, गॉगल माझ्याकडे दिला, गुडघ्याचा पट्टा सोडला आणि बांध उतरून चिखलात शिरला. पोरं म्हणाली, रुततोय आता. पण तो रुतेना. कुठे पाय टाकायचा, कुठे नाही, हे त्याच्या पायांना आठवत होतं. बॉलापर्यंत गेला आणि खाली वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला.

“कंबर धरली वाटतं,” अध्यक्ष म्हणाले.

इतक्यात त्याने चिखलातून हात वर काढला. हातात बॉल नव्हता. काहीतरी वळवळत होतं.

“निवटाऽऽ!” तो ओरडला. शिकागोत असा ओरडत असेलसं वाटत नाही.

आमचा यष्टिरक्षक ग्लोव्ह्ज टाकून पळाला. मग पॉइंटवरचा. मग क्षेत्ररक्षणाची मर्यादाच उरली नाही. सगळा संघ बांधावर. बोटवाला बॅट खांद्यावर टाकून थोडा वेळ बघत राहिला, मग तंबाखू थुंकून, पँट दुमडून तोही खाली उतरला. चिखलातल्या या माशाची बिळं कुठे असतात, यावरून दोन्ही ओव्हरसीजचा चिखलात उभ्या उभ्या वाद सुरू झाला. समालोचकाने माईक सोडला नव्हता. किती निघाले ते तो तिथून पुकारत होता.

पंच माझ्याकडे आले. “काय लिहिलंस?”

मी वही दाखवली. शेवटचं षटक : एक बॉल, सहा धावा. पुढे, निवटे नऊ.