मटारवाले नाना

पॅकर्सचा माणूस दिवाणखान्यात उभा राहून कपाटं मोजत होता, तेवढ्यात नाना पाच किलो मटार घेऊन घरात शिरले. ‘चाळीस!’ एवढंच म्हणाले. पॅकर्सच्या माणसाने कपाटांपुढे चाळीस लिहिलं आणि पुढचा अर्धा तास सूनबाईंना कोटेशन दुरुस्त करून घेण्यात घालवावा लागला.

नाना कुणाला माहीत नाहीत? घर हलवायचं ठरलं की प्रत्येक कुटुंबात एक नाना निघतोच. बाकीचे पलंगाचे नटबोल्ट सोडवत असतात, गॅसचं कनेक्शन बदलायला फॉर्म भरत असतात, ‘ती इस्त्री कुणी भरली?’ म्हणून बांधलेली खोकी परत फोडत असतात. आणि हा गृहस्थ गॅलरीतलं ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत बसलेला असतो. वर विचारतो, ‘गवती चहा घालून कपभर होईल का?’ कुणाकडे हा प्राणी आवळे आणतो, कुणाकडे पेरू. एरंडवण्यातल्या या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत तो मटार आणतो. आणतो म्हणजे रोज.

बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाल्यापासून नानांचा दिवस मंडईपासून सुरू होतो. कोपऱ्यावर भाजीवाला आहे, पण तो नानांच्या हिशेबी किरकोळ. त्यांना महात्मा फुले मंडईच लागते. १८८६ साली ती रे मार्केट म्हणून उघडली, तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला तो जोतीरावांनी, आणि शेवटी तिला नाव लागलं ते त्यांचंच, हे ते दर आठवड्याला कुणाला तरी नव्याने सांगतात. परत येताना फाटकापाशीच भाव जाहीर होतो. वॉचमनच्या गावी मटार पिकत नाही आणि तो स्वतः मटार खात नाही, तरी आता तो आपणहून विचारतो, ‘नाना, आज किती?’ ‘अडतीस.’ मग दोघंही समाधानाने मान डोलावतात.

पुनर्विकासाचं घोंगडं चार वर्षं भिजत पडलं होतं. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, यावर सभासद दर रविवारी जिन्यात भांडत. सरकारच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांप्रमाणे विकसक निवडण्याची सभा निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर आणि चित्रीकरणासह व्हावी लागते. तशी ती झाली, तीही गेल्या डिसेंबरात. त्या चित्रफितीत अध्यक्ष ठराव वाचताहेत, दुसऱ्या मजल्यावरचे वकील हरकत घेताहेत, आणि पहिल्या रांगेत नाना मांडीवर ताट घेऊन मटार सोलताहेत. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला, त्यात शेंग होती. सहकार खात्याच्या दप्तरी तो मटार आता कायमचा जमा आहे.

घर रिकामं करायची तारीख आली नेमकी डिसेंबरअखेर. ज्याने हा महिना निवडला त्याच्या घरी नक्कीच शाळेत जाणारं मूल नसणार. नातवाचं स्नेहसंमेलन, त्यात तो मावळा. मावळ्याचं पागोटं खोक्यात, खोकं बाकीच्या खोक्यांखाली. मुलाच्या ऑफिसात वर्षअखेर. भाड्याच्या घरात पौष लागायच्या आत निदान कलश तरी ठेवून यावा, असा माईंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आग्रह. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार. पॅकर्स पहिल्यांदा आले ते गुरुवारीच. चौरंगावर महालक्ष्मीचा घट मांडलेला, आणि त्या पोरांनी चौरंगासकट उचलायची तयारी केलेली. माई नुसत्या दारात उभ्या राहिल्या. पोरं चपला घालून खाली गेली आणि शुक्रवारी आली.

या सगळ्यात नानांचं एकच पालुपद: ‘अरे, हेच दिवस आहेत.’ कसले, तर मटाराचे. श्रावणातला मटार पुरंदरचा, पण तो महाग. थंडी पडली की जबलपूरकडचा माल ट्रकांनी उतरतो आणि भाव कोसळतो. तेव्हा घ्यायचा, सोलायचा, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकायचा, निथळून पिशव्या भरायच्या आणि फ्रीझरात ठेवायच्या. वर्षाची बेगमी. किलोभर शेंगांचे दाणे निघतात जेमतेम अर्धा किलो, बाकी सालं. म्हणजे नाना रोज तीन मजले चढून घरात आणत होते ती मुख्यतः सालंच. शिवाय फ्रीझर तीस तारखेला बंद होणार होता. हे सूनबाईंनी त्यांना सांगितलं. नाना म्हणाले, ‘तीसला ना? मग अजून पुष्कळ वेळ आहे.’

दुपारी चारला जाजम पसरलं जाई. काचसामान गुंडाळायला जमवलेल्या रद्दीवरच शेंगांचा ढीग ओतला जाई. वाटेत सापडेल त्याने सोलायला बसायचं, असा नियम. विकसकाचा सुपरवायझर सह्या घ्यायला आला, तोही बसला. नानांची शिस्त कडक. शेंग देठाकडून दाबायची, अंगठा एकदाच फिरवायचा, अळीची शेंग वेगळ्या वाटीत. नातवाला दर दहा शेंगांमागे एका शेंगेचे दाणे खायची मुभा होती, आणि त्याची दहापर्यंतची मोजणी मुद्दाम कच्ची राहिली होती. समोरच्या काकू सोलायच्या कमी आणि बोलायच्या जास्त. पण त्यांच्या बोलण्यातूनच कळलं, की तळमजल्यावरच्या आजींना भाड्याचं घर मिळत नाहीये. घरमालकाला एकटी म्हातारी भाडेकरू नको. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी शेंग खाली ठेवून तिथूनच कुणाला तरी फोन लावला. आजींना वारज्यात घर मिळालं. एरवी हेच वकील जिन्यात कुणाशी सरळ बोलत नसत.

सवाई गंधर्व महोत्सवही याच धामधुमीत आला. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाला नाना विद्यार्थी असल्यापासून जातात. गाणं रात्रभर चालायचं त्या काळात ते घोंगडी घेऊन जात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले तशी घोंगडीही माळ्यावर गेली. यंदा मुकुंदनगरला भारतीय बैठकीत त्यांच्या पिशवीतून ताट निघालं. विलंबितात एकेक दाणा सावकाश, समेवर ताटात. द्रुत सुरू झालं तसे हात अडखळायला लागले आणि तराण्याला त्यांनी शरणागती पत्करली. शेजारच्या अनोळखी बाईंनी विणकाम बाजूला ठेवून उरलेल्या शेंगा मागून घेतल्या, हेही नमूद करायला हवं. पुण्याचे रसिक अशा वेळी नाही म्हणत नाहीत.

सोळा डिसेंबरला धनुर्मास लागला. आता एवढ्या पसाऱ्यात कोण पहाटे उठून नैवेद्य करणार, असं म्हणत म्हणत सूनबाई पाचला उठल्या. भांडी खोक्यात गेलेली, मागे उरलेलं एकच पातेलं. त्यात मुगाची खिचडी चढली, आणि तिच्यात काय पडलं ते सांगायला नको. बाजरीची भाकरी तव्यावर, तीळ लावलेली. डायनिंग टेबल आदल्या दिवशी सुटं करून ठेवलेलं, त्यामुळे ‘पुस्तके, जड’ असं लिहिलेल्या खोक्यांभोवती सगळे जेवायला बसले. उगवतीच्या खिडकीचे पडदे काढलेले होते. सकाळी साडेसातला मुलगा, सून, नातू, माई आणि नाना एकत्र जेवताहेत असं या घरात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं. मुलाने लोण्याचा दुसरा गोळा घेतला आणि ऑफिसला उशीर झाल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

म्हणून नानांचा राग येत नसे असं मात्र नाही. सव्वीस तारखेला सूनबाईंचा बांध फुटला. कपाटं अडली होती, नळवाला यायचा होता, आणि नाना दारात. ‘पस्तीस!’ सूनबाई म्हणाल्या, ‘नाना, हात जोडते. आता फ्रीझरात बोट घालायला जागा नाही. आणि हे सगळं वितळलं की कुठे ठेवायचं तुम्हीच सांगा.’

नानांनी ते सांगितलंच. खिशातून बँकेची जुनी डायरी काढली. तिच्यात दोन रकाने, जमा आणि नावे. त्यांनी मटार आधीच वाटायला काढला होता. वाटायला म्हणजे भेट नव्हे, ठेव. समोरच्या काकू आंबेगावला चालल्या होत्या, त्यांच्याकडे दीड किलो. बावधनला जाणाऱ्या जोडप्याकडे एक किलो. वकिलांकडे दोन, कारण त्यांचा फ्रीज मोठा. वारज्याच्या आजींकडे पाव किलोच्या चार पिशव्या, म्हणजे एका वेळी एक सोडता येईल. ज्याने त्याने आपापल्या पिशवीवर सही केली होती. नव्या इमारतीचा ताबा छत्तीस महिन्यांनी. तोवर नाना गरजेप्रमाणे ठेव काढायला प्रत्येकाकडे जाणार. व्याज म्हणून चहा.

‘पाच रुपये किलो वाचवायला आंबेगावला जाणार?’ मुलाने विचारलं. नाना म्हणाले, बसला ज्येष्ठांचा पास आहे.

हे सगळं ऐकत माई डबे पुसत होत्या. नाना गॅलरीत गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘पानशेतचं धरण फुटलं तेव्हा हे दहा वर्षांचे होते.’ पुढचं त्यांनी थोडक्यात उरकलं. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतला वाडा पाण्यात बसला. वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. कुणी गोखलेनगरला गेलं, कुणी लोकमान्यनगरला, कुणी गावी. शहर केवढंसं होतं तेव्हा, सायकलवर तासात पालथं घालता येई. पण जायचं काय म्हणून? काम नव्हतं काही. ‘एका बिऱ्हाडात यांचा मित्र होता. पुढे एकदा लक्ष्मी रस्त्यावर दिसला, तर ओळख पटायलाच वेळ लागला म्हणे.’ आणि माईंनी पुढचा डबा घेतला.

सूनबाईंनी त्या दिवशीचे पाच किलो मुकाट्याने सोलले. देठाकडून दाबून, अंगठा एकदाच फिरवून. अळीची शेंग त्यांनी वेगळ्या वाटीत टाकली नाही, सरळ खिडकीतून टाकली. नानांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

तीसला फ्रीज बंद झाला, एकतीसला टेम्पो गेला. टेम्पोवाल्याला नानांनी टिप दिली आणि वर किलोभर शेंगा. तो म्हणाला, ‘काका, पैसेच द्या ना वर.’ शेंगा मात्र त्याने परत केल्या नाहीत.

नवीन भाड्याचं घर अकराव्या मजल्यावर आहे. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत भाजी दारात येते, सोललेला मटारही येतो. नानांनी तो एकदा हातात घेऊन बघितला, भाव विचारला आणि पिशवी खाली ठेवली. लिफ्टमध्ये त्यांनी दोनदा ‘बत्तीस!’ म्हणून पाहिलं. लोक आपला मजला तपासू लागले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आंबेगावहून समोरच्या काकूंचा फोन आला. अजून त्यांना समोरच्या काकूच म्हणतात, समोर काही नसलं तरी. ‘अगं, तुमचे नाना आलेत. अर्धा किलो काढायला आले होते. काढलं काही नाही, उलट तीन किलो शेंगा घेऊन आलेत. तीसने मिळाल्या म्हणे. आमच्या शेजारचे दोघं पण सोलायला बसलेत, मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. जेवूनच पाठवते, चालेल ना?’

सूनबाई म्हणाल्या, ‘चालेल हो. पण फ्रीझरात जागा आहे ना तुमच्याकडे?’