पोट्टा टाइट नाही, बाबा!

ओव्हरलँड पार्क, कॅन्सस
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेच्या फोनवर झालेला घोळ फोनवरच निस्तरायला गेले तर आणखी वाढेल, म्हणून हे कागदी पत्र. तुमचा नातू म्हणाला, "आजोबा, मी आता टाइट एंड आहे." त्यातलं 'एंड' तुमच्या कानापर्यंत पोचलंच नाही. "अवो, तेरा वर्षांचं पोट्टं टाइट काऊन होऊन राहिलं?" असं तुम्ही आईला विचारलंत, ते धरमपेठेतल्या निम्म्या गल्लीनं ऐकलं. रात्री आईचा निरोप आला : "शेजारच्या काकू विचारत होत्या, तिकडे पोरांना लहानपणापासूनच देतात का गं?"

तर आधी खुलासा. पोट्टा शुद्धीत आहे. पितो ते फक्त दूध, तेही नाक मुरडत. टाइट एंड ही इथल्या फुटबॉलमधली उभं राहायची एक जागा आहे, क्रिकेटमध्ये सिली पॉइंट असते तशी. सिली पॉइंटवर उभ्या असलेल्या माणसाला आपण खुळा म्हणतो का?

मागे इथे आला होतात तेव्हा "हे तर रेशनच्या दुकानासमोरचं भांडण आहे" म्हणून तुम्ही सोफ्यावर डुलकी काढली होतीत, म्हणून थोडक्यात सांगते. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. पुढच्या रांगेत मधोमध पाच धिप्पाड पहिलवान. त्यांचं काम समोरच्याला अडवणं; पुढे फेकलेला चेंडू त्यांनी झेलायचा नाही, असा नियमच आहे. दूर कडेला दोन-तीन हडकुळे, वाऱ्यासारखे पळणारे. त्यांनी झेल घ्यायचे आणि टीव्हीवर दिसायचं. आणि पहिलवानांच्या रांगेच्या टोकाला, शेजाऱ्याला अगदी खेटून उभा असतो तो टाइट एंड. खेटून म्हणून टाइट, टोकाला म्हणून एंड. त्यानं पहिलवानांच्या बरोबरीनं धक्काबुक्की करायची आणि हडकुळ्यांच्या बरोबरीनं पळून झेलही घ्यायचा.

कुणाची आठवण झाली, बाबा? मला तर लगेच झाली. सरकारी मराठीत याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. आस्थापना तुमच्याकडे होतीच; लेखा शाखेतले बाबू बदलून गेले आणि "तात्पुरतं बघा" म्हणत ते टेबलही तुमच्या गळ्यात पडलं. ते तात्पुरतं अकरा वर्षं चाललं. शिक्के दोन, साहेब दोन, बोलणी दोघांची, पगार मात्र एकाच टेबलाचा.

पण संघाला अशा माणसाचं मोल काय, ते इथे येऊन कळलं. समोरच्यांनी त्याच्या अंगावर हडकुळा सोडला तर हा खांद्यानं त्याला बाजूला सारतो. पहिलवान सोडला तर त्याला मागे टाकून पळतो. शिवाय हा मैदानात असला की पुढचा डाव चेंडू घेऊन घुसण्याचा आहे की फेकण्याचा, याचा समोरच्यांना पत्ता लागत नाही. तुमच्या कुठल्या टेबलावर कुठली फाइल आहे हे दोन्ही साहेबांना कळायचं नाही, तसंच.

आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सचा तर सगळा संसार या जागेवर चालला आहे. टोनी गोन्झालेझ १९९७ ते २००८ इथे होता. कॉलेजात तो बास्केटबॉलही खेळायचा, त्यामुळे अंग मध्ये घालून जागा अडवायची सवय आधीचीच. अटलांटाच्या संघातली वर्षं धरून त्याचे एकूण झेल १,३२५. मग आला ८७ नंबरवाला ट्रॅव्हिस केल्सी. शाळेत तो चेंडू फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक होता, कॉलेजात त्याला टाइट एंड केलं. लीगच्या २०१३च्या खेळाडू-निवडीत ६२ नावं पुकारून झाल्यावर याचं आलं. आणि २०१६ ते २०२२ असे सलग सात हंगाम त्यानं दर हंगामात हजारावर यार्ड काढले. कुठल्याही टाइट एंडला हे आधी जमलं नव्हतं. आई विचारेल म्हणून सांगते, गायिका टेलर स्विफ्टचा होणारा नवरा तो हाच. ऑगस्टमध्ये साखरपुडा झाला.

आता खास तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. २०१४ साली न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहॅमनं पदनामावरून दाद मागितली होती. त्याला टाइट एंड धरलं तर वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर, कडेचा पळणारा धरलं तर १ कोटी २० लाखांच्या वर. त्याचं म्हणणं, मी बहुतेक वेळा रांगेपासून लांबच उभा असतो, मग मला त्या वेतनश्रेणीत टाका. लवादानं मोजमापं काढली आणि निकाल दिला : तू टाइट एंडच. आपल्याकडचा असता तर मॅटच्या नागपूर खंडपीठात तुमच्या शेजारच्या बाकावर तारखेची वाट बघत भेटला असता.

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी पोट्ट्याच्या शाळेचा शेवटचा सामना होता. शाल गुंडाळून, थर्मासमध्ये चहा घेऊन मी पत्र्याच्या बाकावर बसले आणि ठरवलं की चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त याच्याकडे बघायचं. एक हात गवतावर टेकवून हा वाकला. चेंडू हलला तसा समोरच्या पोराच्या छातीखाली खांदा घालून, बारीक बारीक पावलं टाकत त्यानं त्याला बाहेर रेटलं. जी फट पडली त्यातून चेंडूवाला पळाला. लोक चेंडूवाल्याच्या नावानं ओरडले. हा खालून उठला, हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवताचं ढेकूळ काढलं, दातांवरचं रबर अंगठ्यानं आत ढकललं आणि पुन्हा टोकाला जाऊन उभा राहिला. असं सात वेळा.

आठव्या वेळी त्यानं खांदा लावल्यासारखं केलं आणि सटकला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. चेंडू सरळ हातात आला आणि पडला. संपूर्ण सामन्यात लोकांनी त्याच्याकडे बघितलं ते तेवढंच.

गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, आधीचे सात मोजलेस ना?" म्हटलं, मोजले. मग त्याला आपल्या विदर्भाच्या अक्षय वाडकरचं सांगितलं. दिवसभर यष्टींमागे उठाबशा काढायच्या आणि वर फलंदाजीही करायची. २०१७-१८च्या रणजी अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीविरुद्ध त्यानं १३३ केल्या, आणि या मार्चमध्ये जामठ्याला केरळविरुद्ध करंडक उचलला तो कर्णधार म्हणून. पण एखादा झेल सुटला की मंडपातली माणसं काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा. जामठ्याच्या उन्हात छत्री घेऊन तुम्हीही ओरडतच होतात.

तेव्हा पत्र पोचलं की येणाऱ्या शनिवारी त्याला फोन करा. सुटलेल्या झेलाची चौकशी नको, आधीच्या सातांची करा. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवलेत, एवढा नातवाचाही जुळवा. आणि शेजारच्या काकूंना निरोप द्या : पोट्टा टाइट नाही, त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे.

आईला नमस्कार. चिवडा संपला, डबा चाटून झाला.

तुमची,
बेबी

ता. क. : इथल्या व्यावसायिक लीगमध्ये २०१९पासून टाइट एंडच्या नावानं एक दिवस पाळतात. ऑक्टोबरचा चौथा रविवार, म्हणजे नेमका आजचा. अतिरिक्त कार्यभाराचा दिवस, बाबा, आणि तोही रविवारी. सुट्टी बुडाली!